मदत हवी आहे: हिवाळा आला की मन गोधडीतच राहतं

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आहे, वय ३६.

हिवाळा माझा लहानपणापासूनचा लाडका. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे वर्षभर वाट बघायची ती याच दिवसांची. थंडी पडली की मळ्यात भरीत पार्टी. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, गरम साल काढताना बोटं पोळायची, मग बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची-लसूण घालून ठेचायची. वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. ठेचायचं काम माझं, दुसऱ्या कोणाला मुसळाला हात लावू द्यायचो नाही.

मागच्या वर्षापासून मात्र डिसेंबर लागला की जीव कशातच लागत नाही. मित्राचा फोन येतो, "काय करू राह्यला भो, रविवारी ये," आणि मी काहीतरी कारण सांगतो. मागच्या रविवारी तर मळ्यातला धूर घराच्या गच्चीवरून दिसत होता, तरी गेलो नाही. दहा-अकरापर्यंत गोधडीत पडून असतो. बायको काळजी करते, आई म्हणते थंडीचा आळस आहे.

शेतीचंही सांगतो. कधी आठवडाभर शेतीला लाईट रात्रीचीच असते, तेव्हा मोटार चालू करायला एक-दोनला उठावं लागतं. पारा १० च्या खाली उतरला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. म्हणून रात्री पाणी द्यायचं, बांधावर धूर करायचा. परत येऊन झोपतो तो उशिरापर्यंत.

हा आळस की आजार? डॉक्टरकडे कधी जावं? आणि हिवाळा पुन्हा आवडायला लागावा म्हणून कोणी काय केलं? अनुभव असेल तर नक्की लिहा.

प्रतिसाद १:
दादा, हा आळस नाही. मी धुळ्याची, दोन वर्षं यातून गेले आहे. थंडीच्या दिवसांत येणाऱ्या उदासीला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात, १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी तिचं वर्णन केलं. पण ती जास्त दिसते थंड देशांत, जिथे सूर्यच कमी दिसतो. आपल्याकडे डिसेंबरातही दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो आणि ऊन भरपूर. तुमच्या लिहिण्यातून मला दिसतंय ते असं की रात्री तुम्ही जागे आणि सकाळच्या उन्हात तुम्ही झोपलेले. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं, तेच हुकतंय.

रात्रपाळी भावाबरोबर वाटून घेता येईल का? नसेल तर परत आल्यावर झोपा, पण साडेआठला अंगणात उन्हात चहा घ्या, राहिलेली झोप दुपारी. मला आठ-दहा दिवसांनी फरक जाणवला.

प्रतिसाद २:
वरच्या ताईंशी सहमत. एक मात्र: दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटणं, आवडीच्या गोष्टी नकोशा होणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरकडे जायला थांबू नका. थायरॉईड आणि बी-१२ ची तपासणीही करून घ्या, त्यांच्या कमतरतेनेही असं होतं. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. इतकं लांब जाणं जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जगणंच नको असं कधी मनात आलं तर त्याच क्षणी फोन करा, घरच्यांनाही सांगा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. दोन आठवडे कधीच उलटले, त्यामुळे सोमवारी जळगावला जातोय, बायको सोबत येते आहे. भावाशी बोललो, एकाआड एक रात्र तो मोटार बघणार. आज साडेआठला उन्हात बसलो, आईने शेजारी पाट टाकला आणि तीही बसली. रविवारचं मित्राला "येतो" म्हणालोय. ठेचायला जमेल की नाही माहीत नाही, जाळाजवळ बसेन तरी.