एका मुलीची गोष्ट सांगायची, की कामाचा हिशेब द्यायचा?

कोरा कागद: एका लहान संस्थेचा वार्षिक अहवाल मी सात वर्षं लिहितेय. यंदा बैठकीत ठरलं, आकडे मागच्या पानांवर न्यायचे, पुढे एका मुलीची गोष्ट आणि तिचा पानभर फोटो. म्हणे देणगी त्यानेच येते.

येते, नाकारत नाही. स्मॉल, लोवेन्स्टाइन आणि स्लोविक या संशोधकांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. लोकांना 5 डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हणून सांगितलं. मालीतल्या सात वर्षांच्या रोकियाबद्दल वाचलेल्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, नुसती उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांनी 1.14. आणि दोन्ही वाचलेल्यांनी? 1.43! आकड्यांनी गोष्टीचाही जीव घेतला.

तरी मी विरोधात आहे. मुलीची शाळा सुटते कारण शाळा लांब असते, वाटेत टवाळखोर असतात, घरी धाकट्याला सांभाळायला कोणी नसतं. फोटोत यातलं काहीच मावत नाही. मावतात फक्त डोळे.

रोखठोक: ताई, तत्त्वं छान आहेत. कार्यकर्त्यांचे पगार तीन महिने थकले की हीच तत्त्वं घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहून बघा. रोकियाच्या गोष्टीने दुप्पट पैसे आणले हे तुम्हीच लिहिलंय. वाचणाऱ्याचा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?

तिरपागडा: पैसे आणले, पण कशासाठी? प्लेपंप आठवा. आफ्रिकेतल्या गावांत मुलं गोल पाळण्यावर खेळणार आणि त्या फिरण्यावर पाणी वर चढणार. काय गोष्ट होती! 2006 मध्ये अमेरिकेतून 1.64 कोटी डॉलरचं आश्वासन मिळालं. पुढे 2009 मध्ये गार्डियनने हिशेब मांडला, की एका पंपाने 2,500 माणसांना पाणी द्यायचं तर मुलांनी दिवसाला 27 तास खेळायला हवं. प्रत्यक्षात बायकाच तो पाळणा ढकलत बसल्या. साधा हातपंप बरा होता, पण हातपंपाची गोष्ट कोण ऐकतो?

रोखठोक: हा दोष यंत्राचा, गोष्टीचा नव्हे. उगाच गल्लत नको.

तिरपागडा: गोष्ट इतकी गोड नसती तर यंत्र आधी कोणीतरी नीट तपासलं असतं. गल्लत तीच आहे.

पाणवठा: तुम्ही दोघंही गोष्ट देणगीदारासाठीच धरून चाललाय. 1990 च्या अखेरीस 'सेव्ह द चिल्ड्रन' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे जेरी स्टर्निन व्हिएतनाममध्ये गेले. मुलांच्या कुपोषणावर काही करून दाखवायला सरकारने सहा महिने दिले होते. त्यांनी उलटा प्रश्न विचारला: तितक्याच गरीब घरांतली काही मुलं धडधाकट कशी? तिथल्या आया भातखाचरातले बारीक खेकडे, कोळंबी आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या, तेही दिवसातून जास्त वेळा थोडंथोडं भरवून. मग त्याच आयांनी शेजारणींना सोबत घेऊन रांधायला सुरुवात केली. गोष्ट घराघरांतून फिरली आणि उपायही तिच्यातूनच आला. अहवालात काय छापायचं हा फार नंतरचा प्रश्न.

कोरा कागद: हे पटलं. पण मला खुपतंय ते वेगळंच, आधीच लिहायला हवं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मुलाचा फोटो छापला, खाली 'बाप दारुडा, घरात अन्न नाही'. परवा तो भेटला, आता कॉलेजात आहे. वर्गातल्या कुणाला तरी तो जुना अहवाल नेटवर सापडला आणि अख्ख्या वर्गात फिरला. आमच्या फायलीत संमतीपत्र आहे, त्याच्या वडिलांच्या सहीचं. त्या दारुड्या बापाच्या.

तिरपागडा: बाप रे.

रोखठोक: हे वाईट झालं. आधी तो अहवाल नेटवरून काढा, आजच. पण यावर उपाय गोष्ट बंद करणं नाही. यंदाचा मजकूर त्या मुलीला वाचून दाखवा, ती खोडेल ते खोडा, नाव बदला, चेहरा नको. मोठी झाल्यावर 'काढून टाका' म्हणाली तर काढा. इतकं करूनही गोष्ट उभी राहते, मी लिहिल्यात तशा.

कोरा कागद: आणि ती आत्ताच नाही म्हणाली तर?

रोखठोक: तर पहिल्या पानावर आकडे छापा. देणगी आटली की मला शिव्या घालू नका, एवढंच.

पाणवठा: किंवा काय फसलं ते छापा. इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स या विकासकामं करणाऱ्या संस्थेची कॅनडा शाखा 2008 पासून फसलेल्या कामांचा अहवाल काढायला लागली.

रोखठोक: आमच्या विश्वस्तांना हे तुम्हीच येऊन सांगा. चहा माझ्याकडून.