मदत हवी आहे: दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ

नमस्कार मंडळी,

आईला घेऊन प्रवास आहे. दोन्ही विमानतळ छोटे, एकाच आखाताच्या दोन काठांवर. अंतर स्वतः काढायला बसलो आणि अडकलो. पहिल्याचा अक्षांश ४०°१०′, दुसऱ्याचा ४१°४०′, रेखांशात बरोबर २° चा फरक. एक अंश म्हणजे १११ किमी धरून, पायथागोरस लावून २६५ किमी आले. संकेतस्थळावर मात्र २३७ दिसतात.

दुसरं कोडं वेळेचं. विमान एटीआर ७२ (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) आहे, ताशी ५०० किमीच्या आसपास जातं म्हणे. म्हणजे अर्धा तासही लागू नये. वेळापत्रकात २:१० ते ३:०५! दोन्हीकडचं घड्याळ एकच आहे, तेही तपासलं. पुढे ४ ची बोट पकडायची आहे आणि धक्का विमानतळापासून वीस मिनिटांवर. जमेल का?

प्रतिसाद:
४०°१०′ हे तुम्ही ४०.१० असं तर नाही ना लिहिलंत? अंशाची मिनिटं साठ असतात. फरक १.३० नाही, १.५ अंश.

धागाकर्ता:
अगदी तेच केलं होतं! पण सुधारल्यावर उत्तर २७७.५ आलं. चूक काढली आणि आणखी लांब गेलो 😀

प्रतिसाद:
कारण दुसरी चूक अजून तशीच आहे. १११ किमी हा हिशेब अक्षांशाचा. रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, ६० अंशांवर तर अंतर निम्मंच उरतं. तुमच्या पट्ट्यात ४१ च्या कोसाइनने, म्हणजे साधारण ०.७५५ ने गुणा. २२२ चे १६८ होतील. आता पायथागोरस लावा, २३६ येतं. एका किमीसाठी भांडू नका. लांबच्या प्रवासाला मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे गोलावरचंच सूत्र हवं.

वेळेचं म्हणाल तर वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. छोट्या विमानतळांवर बहुधा समांतर टॅक्सीवे (धावपट्टीच्या बाजूने विमान नेण्याचा रस्ता) नसतो, मग धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि मग उड्डाण. वर चढताना वेग कमी, उतरतानाही कमी. वारा समुद्राकडून असेल आणि पलीकडच्या टोकाने उतरायचं असेल तर वळसा वेगळाच. समोरून २५ नॉटचा (ताशी साधारण ४६ किमी) वारा असला तरी एवढ्या अंतराला तीनेक मिनिटंच जादा जातात, त्याची धास्ती नको. वर थोडी मोकळीक मुद्दामच ठेवलेली असते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जेमतेम २.७ किमीचं उड्डाण, त्याचाही वेळापत्रकातला वेळ २ मिनिटं. अंतराला वेगाने भागलं तर एक मिनिटही होत नाही.

बोटीचं: विमान वेळेवर आलं तर जमेल. पण तेच विमान सकाळपासून फेऱ्या मारत असेल तर दुपारपर्यंत उशीर साचलेला असतो, आणि किनाऱ्यावर धुकं आलं की सगळंच लटकतं. ४ नंतर बोट आहे का?

धागाकर्ता:
६:३० ला आहे. आईला विचारलं, ती म्हणते तेवढा वेळ समुद्र बघत बसू. तिकीट त्याचंच काढतोय.