मेनेआ आणि मेक्सिकोची हवा

कुणीतरी म्हटलंय की इटलीचा धावपटू पिएत्रो मेनेआचा २०० मीटरचा १९.७२ सेकंदांचा विक्रम म्हणजे मेक्सिको सिटीच्या विरळ हवेची कृपा. अर्धं खरं आहे. शहर २२०० मीटरहून उंचावर, हवेचा रोध कमी, शिवाय वारा पाठीशी (नियमात बसणारा, पण होताच). तरी १९७९ चा तो विक्रम १९९६ मध्ये अमेरिकेच्या मायकेल जॉन्सनने मोडेपर्यंत जवळपास १७ वर्षं टिकला, हे नुसत्या हवेने होत नाही हो.

मला विचाराल तर त्याची खरी शर्यत १९८० ची, मॉस्को ऑलिंपिकमधली २०० मीटरची. आठवी लेन, म्हणजे वळणावर पुढे कुणीच दिसत नाही. शेजारच्या सातव्या लेनमधल्या ब्रिटनच्या अ‍ॅलन वेल्सने वळणावरच त्याला गाठून मागे टाकलं. सरळ पट्ट्यावर आल्यावर मात्र मेनेआ एकेक पाऊल भरून काढत गेला आणि २०.१९ विरुद्ध २०.२१ असं सुवर्ण घेऊन गेला! बहिष्कारामुळे अमेरिकन नव्हते, मान्य. पण मॉस्कोत तर पातळ हवाही नव्हती.

आणि म्युनिक १९७२ ते लॉस एंजेलिस १९८४, सलग चार ऑलिंपिकमध्ये २०० मीटरची अंतिम फेरी. इटलीतल्या बार्लेत्ताच्या या काटकुळ्या गड्याने पुढे वकिलीही केली.