मेडिकलच्या फॉर्मवर उपचार लपवू नका

लातूरच्या ताईंनी विचारलंय, बारावीच्या ताणात मुलाने काही महिने नैराश्याच्या गोळ्या घेतल्या, आता त्याला पायलट व्हायचंय, तर पायलटच्या मेडिकल तपासणीच्या फॉर्मवर ते लिहावं का. त्यावर एकाने ‘लिहूच नका, कोण बघतंय’ असा सल्ला दिलाय. ताई, कृपा करून तो ऐकू नका. सही करून दिलेली माहिती खोटी निघाली, तर जुन्या आजारापेक्षा तीच जास्त नडते.

उपचार घेतले म्हणजे दार कायमचं बंद, असं नाही. अमेरिकेत तर २०१० पासून सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या ठरावीक गोळ्या चालू असतानाही देखरेखीखाली विमान उडवायची परवानगी मिळू शकते. सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होणारा आजार) असं निदान असेल तर मात्र वाट फार अवघड.

ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडून निदान, गोळीचं नाव, डोस, कधी सुरू, कधी बंद, सगळं लेखी घ्या. आणि फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी (आपल्याकडे त्यासाठी शेतसुद्धा विकतात, म्हणून कळकळीने सांगतो) डीजीसीएचं (आपल्या देशातली विमान वाहतुकीची नियामक संस्था) क्लास २ म्हणजे पहिली आणि मग क्लास १ म्हणजे जास्त कडक मेडिकल तपासणी करून घ्या. कमर्शिअल लायसन्सला क्लास १ लागतंच. मुलाला आता पुन्हा त्रास होत असेल, तर मेडिकलच्या भीतीने डॉक्टरकडे जायचं टाळू नका.