गुन्ह्याच्या बातमीत जमातीचे नाव कशासाठी?

धागाकर्ता:
दरोड्यातील संशयित पारधी असले की ‘पारधी टोळी जेरबंद’ असा मथळा सर्रास येतो. इतर समाजांतील आरोपींच्या बाबतीत मात्र नाव, वय आणि गाव पुरेसे ठरते. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठीच्या बंदिस्त वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसांना हजेरी द्यायला लावली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी मथळे त्याच कलमांवर चालतात. आरोप सिद्ध झाल्यानंतरही जमातीचा उल्लेख होऊ नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, जुना बातमीदार:
पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये जे असते तेच आम्ही छापतो आणि आडनावावरून वाचक जात ओळखतोच. शेतवस्तीवर एकट्याने राहणाऱ्या कुटुंबाची भीतीही खरी असते. शिवाय दलित अत्याचाराच्या बातमीत जात हवीच, असा आग्रह धरणाऱ्यांनी इथे ती लपवावी, हे मला विसंगत वाटते.

धागाकर्ता:
अत्याचाराच्या बातमीत जात हेच गुन्ह्याचे कारण असते. दरोड्याचे कारण जमात नसते. आता २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि खुनांचा तो खटला पाहा. भटक्या जमातींतील सहाही आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली, आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटो अल्बममधून सुरुवातीला चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नाही.

प्रतिसाद, वकिलीत मुरलेला:
तो दोष तपासाचा होता, मथळ्याचा नव्हे. आणि अखेर न्यायालयानेच तो दुरुस्त केला ना?

धागाकर्ता:
दुरुस्तीला सोळा वर्षे लागली, तीही गजाआड. संशयित कोण हे आधीच ‘ठाऊक’ असले की तपास तिथेच थांबतो, आणि ते ठाऊक करून देण्यात वर्तमानपत्रांचा वाटा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. उपसंपादकाला तेवढेही जमू नये?

प्रतिसाद, जुना बातमीदार:
अटकेच्या बातमीतून जमात खोडावी, हे मान्य. शिक्षेनंतरच्या सरसकट बंदीला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण एखादी टोळी नात्यागोत्यातून कशी उभी राहिली हे सांगणे काही वेळा अपरिहार्य असते, मग ती टोळी पाटलांच्या भावकीची का असेना.