मदत हवी आहे: मूल्यमापनात्मक विधाने ओळखायला शिकवताना 'धोका पातळी'पाशी अडले आहे

नमस्कार.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि दर रविवारी सकाळी अकरावी-बारावीच्या आठ-दहा मुलांचा वाचनवर्ग घेते. मजकुरातील कोणती विधाने वस्तुस्थिती सांगतात आणि कोणती त्या वस्तुस्थितीचे मोल ठरवतात, हे वेगळे करण्याचा सराव आम्ही दोन महिन्यांपासून करत आहोत. पहिल्या प्रकाराखाली निळी रेघ ओढायची, दुसऱ्याखाली लाल.

सुरुवात सोपी गेली. 'शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या' या वाक्याखाली सर्वांनी निळी रेघ ओढली, कारण तो आदेश काढून पाहता येतो. 'हा निर्णय काळाच्या पुढचा होता' याखाली लाल आली. मात्र लाल म्हणजे खोटे, निदान कच्चे, अशी मुलांची समजूत झाली होती, ती दूर करायला एक पूर्ण रविवार गेला. मला स्वतःला तो निर्णय काळाच्या पुढचाच वाटतो आणि तसे म्हणायला माझ्याकडे आधारही आहेत; पण तसे म्हणताना मी एक निकष लावलेला असतो, आणि वाचकाने विचारला तर तो उघड करणे ही माझी जबाबदारी ठरते, असे मी त्यांना सांगितले.

खरी अडचण पुराच्या बातम्या वाचायला घेतल्यावर आली. 'पाणी वस्तीत घुसले' या तीन शब्दांपैकी पहिल्या दोन शब्दांखाली एका मुलीने निळी रेघ ओढली आणि फक्त 'घुसले'खाली लाल. पाणी 'आले' म्हणा, 'शिरले' म्हणा किंवा 'घुसले' म्हणा, ते तेवढ्याच पायऱ्या चढलेले असते, असे तिचे म्हणणे होते. मला ते फार आवडले. पण त्यानंतर मुलांना सगळीकडे लालच दिसू लागले. 'तब्बल', 'अवघे', 'अखेर' हे शब्द तर गेलेच. 'सांगितले'च्या जागी 'सांगून टाकले' आणि 'बांधले'च्या जागी 'बांधून ठेवले' आले, की त्याखालीही लाल. शेवटी एकाने विचारले की एखाद्याचा उल्लेख 'ते' असा करायचा की 'तो' असा, यातही मूल्यमापन आहेच ना? आपल्या भाषेत एकेरी आणि आदरार्थी यांच्यामधले तिसरे रूपच नसल्यामुळे मला उत्तर देता आले नाही.

त्याहून अवघड वाक्य पुढचे आहे: 'राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने धोका पातळी ओलांडली.' तेथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. निम्म्या मुलांनी निळी रेघ ओढली, कारण आकडा मोजपट्टीवर दिसतो. निम्म्यांनी लाल, कारण 'धोका' हा शब्द मोजपट्टीवर लिहून येत नाही. नदीकडच्या सखल गल्लीत राहणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचा धोका 43 फुटांच्या आधीच सुरू होतो." वर्ग शांत झाला. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले, तेव्हा ही मुले प्राथमिक शाळेत होती. त्यांच्यासाठी हे उदाहरण पुस्तकी नाही.

जाणकारांनी दोन बाबतींत मार्गदर्शन करावे, ही विनंती. 'धोका पातळी ओलांडली' हे विधान कोणत्या बाजूचे मानावे? आणि रंग चढलेल्या शब्दांच्या बाबतीत मर्यादा कोठे आखावी, जेणेकरून संपूर्ण पान लाल होणार नाही?

प्रतिसाद

ताई, त्या वाक्यात दोन विधाने एकावर एक बसलेली आहेत, म्हणून एक रेघ पुरत नाही. पाणी 43 फुटांच्या वर गेले की नाही, यावर दोघांचा वाद झाला तर मोजपट्टी पाहून तो मिटेल. म्हणून ते विधान निळे. 43 फुटांनाच धोका का म्हणावे, हा वाद मात्र केवळ मोजपट्टीने मिटणार नाही. कोणाचे नुकसान धरायचे आणि किती नुकसान सोसण्याजोगे मानायचे, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. तो निर्णय रास्त असू शकतो, आणि सर्वांसाठी एक आकडा असल्याशिवाय यंत्रणा हलणारही नाही. तरी तो निर्णयच आहे. आपल्या विद्यार्थ्याने नेमका तोच निकष उघडा केला आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1739-40 मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की 'आहे' अशा विधानांवरून 'असावे' या विधानावर लेखक नकळत उडी घेतात. मुलांना ती उडी पकडायला सांगावे.

शब्दांबाबत मी असे करतो: शब्द बदलून पाहायचा आणि वाचकाच्या निष्कर्षात फरक पडला तरच लाल रेघ ओढायची. आदरार्थी रूप हा भाषेचा रिवाज आहे, त्यामुळे एकट्या 'ते'खाली रेघ नको. पण एकाच बातमीत ठेकेदार 'ते' आणि मजूर 'तो' असेल, तर दोघांखालीही लाल रेघ हवी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. ठेकेदार आणि मजूर यांचे उदाहरण वाचून मी वर्गातली जुनी कात्रणे पुन्हा काढली, आणि एका कात्रणात पूरग्रस्तांना भेट देणारे पाहुणे 'ते' आणि छपरावर अडकलेला म्हातारा 'तो' असे सापडले. मुलांच्या आणि माझ्याही नजरेतून ते सुटले होते. येत्या रविवारी तेच कात्रण आधी वाचायला देणार आहे, आणि 'धोका पातळी'च्या वाक्याखाली या वेळी दोन रेघा ओढायला लावीन.