हॅम्लेट खरंच वेडा, की वेड पांघरून पेडगावला?

विंगेतला बाकडा
काल पुन्हा शेक्सपियरचं 'हॅम्लेट' वाचायला घेतलं आणि जुना किडा वळवळला. बापाचं भूत येऊन सांगतं, तुझ्या काकानेच माझ्या कानात विष ओतलं. त्यावर पोरगा, म्हणजे राजपुत्र हॅम्लेट, लगेच मित्र होरेशिओ आणि पहारेकरी मार्सेलसला शपथ घालतो, की मी पुढे चमत्कारिक वागलो तर 'आम्हाला ठाऊक आहे' असा चेहराही करू नका. हे पहिल्याच अंकात! पुढे राजा झालेल्या त्या काकाने पाठवलेल्या दोन मित्रांना तो सांगूनच टाकतो: वारा उत्तर-वायव्येचा असला तरच मी वेडा, दक्षिणेचा असला की ससाणा कुठला नि करवत कुठली ते मला बरोबर कळतं. एवढ्यावरही 'बिचारा भ्रमिष्ट झाला' म्हणणारे आहेतच. कशाच्या जोरावर म्हणता?

सोलापुरी चादर
सोंगाचा बेत होता, मान्य. पण बेत आखणारा शेवटपर्यंत शुद्धीवर राहिला हे कुठे लिहिलंय? तिसऱ्या अंकात आईच्या महालात पडद्यामागे खुट्ट होतं, हा 'उंदीर!' म्हणून ओरडतो आणि तलवार खुपसतो. राजाचा मंत्री पोलोनियस मेला. प्रेत तिथेच पडलंय आणि हा दोन नवऱ्यांच्या तसबिरी दाखवून आईला फैलावर घेतोय. शिवाय भूत. पहिल्या अंकात ते पहारेकऱ्यांनी पाहिलं, होरेशिओने पाहिलं. इथे आई समोर आहे आणि तिला फक्त रिकामी हवा दिसते.

विंगेतला बाकडा
त्याच प्रवेशात तो म्हणतो, माझी नाडी बघ, तुझ्यासारखीच ठाय लयीत चाललीय. हे वेड नाही, कावा आहे, हेही आईला स्पष्ट सांगतो.

सोलापुरी चादर
झिंगलेला माणूसही फरशीच्या रेषेवरून सरळ चालून दाखवतोच की!

दुपारची डुलकी
तुम्ही दोघं ऑफिलियाला, पोलोनियसच्या लेकीला, विसरलात. खरं वेड कसं असतं ते शेक्सपियरने त्याच नाटकात, चौथ्या अंकात दाखवून ठेवलंय. ती मधेच गाते, कुणाला रोझमेरी देते, कुणाला बडीशेप, समोर राजा आहे की भाऊ याची फिकीर नाही. हॅम्लेटचं प्रत्येक वेडगळ वाक्य कुणाला तरी नेमकं टोचतं. पोलोनियसलासुद्धा ते जाणवतं, वेडात काहीतरी पद्धत आहे म्हणतो. राजा तर चोरून ऐकल्यावर म्हणतो, बोलणं जरा विस्कळीत होतं, पण वेड्याचं नव्हतं. खुनी माणसाचं निदान सगळ्यात अचूक!

मुक्काम पोस्ट
अवांतर: आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना या नाटकाचं भाषांतर केलं, ते १८८३ साली आलं. नाव 'विकारविलसित'. म्हणजे आपल्याकडे निकाल नावातच लागलाय ना?

दुपारची डुलकी
नाही हो. तेव्हाचा 'विकार' म्हणजे राग, शोक, मत्सर, मनाला हलवणारं सगळंच. दवाखान्यातला विकार नव्हे. उलट मला ते नाव आवडतं. राजा मेला, महिना-दोन महिन्यांत आईने दिराशी लग्न केलं, गादीही काकाकडे. एवढं झाल्यावर माणूस खचणारच. खचणं आणि बुद्धी जाणं यात फरक आहे.

सोलापुरी चादर
मग पाचव्या अंकाचं काय करता? द्वंद्वाच्या आधी तो लेअर्टीजची माफी मागतो. म्हणतो, तुझा अपराध हॅम्लेटने केलाच नाही, त्याच्या वेडाने केला, आणि ते वेड हॅम्लेटचंही वैरीच. समोर कोण, तर ज्याचा बाप याने मारला नि ज्याची बहीण ऑफिलिया बुडून मेली तो भाऊ. वेड सोंग होतं तर ही माफी साफ खोटी. भरदरबारात, तलवारी हातात घ्यायच्या क्षणी खोटं बोलणारा नायक तुम्हाला चालेल? मला नाही. मी त्याला वेडा मानतो, कारण मला तो प्रामाणिक हवाय.

विंगेतला बाकडा
हा घाव बसला. इथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. इतकंच म्हणेन, की राजा-राणीसमोर उभं राहून 'मी सोंग करत होतो' म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं. पण मग माफी राजकारणी ठरते, आणि तेही मला नकोच आहे.

मुक्काम पोस्ट
थडगं खणणाऱ्याला विसरू नका! हॅम्लेट अनोळखी होऊन त्यालाच विचारतो, तो राजपुत्र वेडा कसा झाला? खणणारा म्हणतो, अक्कल गेली म्हणून. त्याला इंग्लंडला का धाडलं? तिथे शहाणा होईल, नाही झाला तरी बिघडत नाही, तिथले सगळे याच्याइतकेच वेडे. पुन्हा प्रश्न, कुठल्या कारणावरून? मूळ शब्दाचा अर्थ कारण आणि जमीन, दोन्ही. खणणारा जमीन धरतो: 'इथेच की, डेन्मार्कात.' मराठीत 'कुठल्या भूमिकेवरून?' विचारलं तर कोटी जमते, वर नटाची भूमिकाही आत येते.

सोलापुरी चादर
भूमिका! हे आगरकरांना सुचलं होतं का बघायला हवं. कुणाकडे प्रत आहे?